काळे झाड अंधारात काळे राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा या सगळ्या गावांच्या वेशीवरच्या रोपवाटिका गजबजतात. हल्ली त्या गर्दीत एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘काळे काही आहे का?’ काळा रबर, काळे झीझी (जाड चकचकीत पानांचे, घरात ठेवायचे शोभेचे झाड), काळे अळू, काळा गुलाब. हिरव्या भावंडापेक्षा चढ्या दराने ही रोपे घरी जातात आणि दिवाळीपर्यंत तक्रार तयार होते, ‘काळे म्हणून दिले, हिरवे निघाले.’ बहुतेक वेळा यात रोपवाटिकेची लबाडी नसते आणि रोपही खोटे नसते. ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी शोभेला बसवलेले असते, एवढेच. परसबागेत आणि गच्चीवर गडद पानाफुलांची झाडे लावणाऱ्यांना उपयोगी पडेल असे काही या पत्रातून सांगायचे आहे. पत्र लांबले आहे, पण अर्धी माहिती देण्यापेक्षा लांबलेले बरे.

आधी रंगाचे. वनस्पतीत खरा काळा रंग जवळजवळ नसतोच. आपण ज्याला काळे म्हणतो ते दाट जांभळे किंवा दाट किरमिजी असते. पानातल्या हिरव्या हरितद्रव्यावर अँथोसायनिन या जांभळ्या रंगद्रव्याचा थर चढला, की डोळ्याला पान काळे दिसते. खात्री करायची असेल तर पर्पल हार्टची (जांभळी ट्रेडस्कॅन्शिया) चार-पाच पाने कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळा. रंग पाण्यात उतरतो आणि पान हिरवेगार होऊन बाहेर येते. तेच पाणी दोन वाट्यांत ओतून एकीत लिंबू पिळले तर गुलाबी-लाल होते, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला तर निळसर-हिरव्याकडे झुकते. मुलांना सुट्टीत दाखवण्याजोगा प्रयोग आहे. लाल माठ, बीट आणि कुंपणाला लावतात ती अल्टरनँथेरा यांची गोष्ट वेगळी. त्यांचा रंग बीटालेन नावाच्या दुसऱ्याच कुळातल्या द्रव्याचा असतो, त्यामुळे लिंबाने त्यात असा फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा जांभळा थर झाड उन्हात तयार करते. ऊन मिळाले तर करते, नाही मिळाले तर करत नाही. याचा पुरावा आपल्या शिवारातच आहे. काळ्या उसाचे पाचट काढले, की उघडे पडलेले कांडे उन्हाने गडद होते आणि पाचटाखाली झाकलेले फिकट राहते. काळे वांगे घेऊन त्याची टोपी उचलून पाहा, बहुतेक जातींत टोपीखालची साल पांढरट असते, कारण तिथे उजेड पोहोचलेला नसतो. जे उसाला आणि वांग्याला लागू, तेच कुंडीतल्या अळूला लागू. अंधाऱ्या कोपऱ्यात नेलेले झाड आहे तो थर राखत नाही. नवी पाने हिरवी काढते आणि जुनी गडद पाने वयाने गळून गेली, की सारे झाड हिरवे. थोडक्या उजेडात पोट भरायचे तर हिरवे पानच कामाचे, त्यामुळे झाडाच्या बाजूने पाहिले तर हा शहाणपणाच आहे.

उजेड पुरेसा आहे की नाही हे मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीपासून फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्वच्छ, बोटे वेगवेगळी दिसत असतील तर जागा चांगली. सावली धूसर असेल तर पाने काळपट-हिरवी होतील. सावली पडतच नसेल, तर तिथे गडद झाडांपैकी फार थोडी रंग टिकवतात. कर्दळ, काळी तुळस, पर्पल हार्ट, अल्टरनँथेरा आणि रंगीत मिरची यांना रोज ५ ते ६ तास थेट ऊन हवे. अळूला, गडद कोलियसला आणि हेमिग्राफिसला (रोपवाटिकेत ‘रेड आयव्ही’) सकाळचे ३-४ तास पुरतात. काळा रबर खिडकीलगतच्या भरपूर उजेडात रंग धरतो. फिकट सावलीतही काळे राहणारे झाड म्हणजे काळे झीझी, पण त्याच्याबद्दल वेगळाच गैरसमज आहे. त्याचा नवा कोंब चक्क पोपटी येतो आणि काही आठवड्यांनी हळूहळू काळा होतो. कोंब पाहून ‘फसवले’ म्हणत कुंडी परत नेणारे कमी नाहीत. थांबावे, काळा होतो.

रंगावर ऋतूचाही परिणाम होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की अँथोसायनिन जोमाने बनते, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ही झाडे सर्वांत देखणी दिसतात. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला जातो, रात्रीही उकडते, तेव्हा रंग विटतो. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यावर आठवडेच्या आठवडे ढग बसतात, तेव्हा पाने हिरवट होतात. दोन्ही वेळा झाड आजारी नसते. खत-औषधाच्या मागे न लागता ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी. उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीलगतची कुंडी मात्र हलवावी किंवा दुपारी १२ ते ४ पर्यंत ३५ टक्क्यांची शेडनेट (सावलीची जाळी) धरावी, नाहीतर पानांच्या कडा करपतात. नर्सरीची काळी पिशवी किंवा काळी प्लॅस्टिक कुंडी मेमध्ये उन्हात ठेवू नये. झाडाच्या रंगाला शोभते म्हणून लोक मुद्दाम काळीच कुंडी घेतात. ती तापते आणि कडेची मुळे भाजतात. ती मातीच्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवावी, किंवा बाहेरून चुना मारावा.

रंग घालवणारी दुसरी सवय म्हणजे युरिया. शेतीच्या जिल्ह्यात घरात युरियाचे पोते असतेच, मग चिमूट-चिमूट कुंडीतही पडते. नत्र जास्त झाले की झाड भराभर, लुसलुशीत आणि हिरवे वाढते. गडद पानांचे झाड हिरव्या भावंडापेक्षा मुळातच सावकाश वाढते, कारण जांभळा थर काही उजेड स्वतःच शोषतो आणि खालच्या हरितद्रव्याला तेवढा कमी मिळतो. त्याला घाई करून उपयोग नाही. १० इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत किंवा पुरते कुजलेले शेणखत पुरे. त्याशिवाय द्यायचेच तर वाढीच्या दिवसांत तीन आठवड्यांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेले) हे विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीत तेही नको.

मातीच्या बाबतीत कृष्णाकाठचे लोक फसतात. आपल्या काळ्या कसदार मातीचा अभिमान रास्त आहे, ऊस-हळदीला तिच्यासारखी दुसरी नाही. कुंडीत मात्र ती शत्रू. पाणी दिले की लोण्यासारखी चिकट होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पुढचे पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. वरून कुंडी ओली, आत गड्डा कोरडा. त्यातून बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फसफसले तर चुना आहे आणि तिथे झाडाला लोह मिळायला त्रास होणार. हिरव्या झाडात लोहाची कमतरता पिवळ्या पानांनी कळते. गडद झाडात हिरवा थर कमी होऊन नवी पाने फिकट गुलाबी-तांबूस दिसतात आणि माणूस ‘वा, काय छान रंग आला’ म्हणून फोटो काढतो. तसे दिसले तर चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारावे, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

कुंडीसाठी मिश्रण असे: २ घमेली तांबडी माती किंवा पोयटा, १ घमेले कुजलेले शेणखत, १ घमेले भिजवून पिळलेले कोकोपीट, अर्धे घमेले जाडसर वाळू किंवा भाताचे तूस, आणि ओंजळभर निंबोळी पेंड. तूस पाटण, जावळीकडच्या भात गिरण्यांत सहज मिळते. फक्त काळी मातीच हाताशी असेल तर तिचा १ भाग आणि वाळू, तूस, खत मिळून २ भाग. कुंडी भरल्यावर लिटरभर पाणी ओतून पाहावे. मिनिटभरात खालून निथळायला लागले पाहिजे. पाच मिनिटांनीही वर डबके असेल तर पुन्हा मिसळावे, तसेच रोप लावू नये. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा चोथा, प्रेसमड) काही जण फुकट मिळते म्हणून थेट वापरतात. कच्ची मळी तापते आणि तिच्यातल्या मेणामुळे पाणी मुरत नाही. सहा महिने शेणकाल्यासोबत कुजवलेली मळी उत्तम. तसाच कच्चा भुसा: तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. पाचट मात्र जरूर वापरावे. बोटभर लांबीचे तुकडे करून दोन इंच थर दिला तर उन्हाळ्यात पाणी वाचते आणि पिवळसर पाचटावर काळे पान जे उठून दिसते, त्याची बरोबरी महागडे पांढरे गोटे करत नाहीत. खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंधा कुजतो किंवा वाळवी लागते.

पाण्याचेही इथेच सांगून टाकतो. बोअरच्या जड पाण्याचे थेंब हिरव्या पानावर लपतात, काळ्या रबराच्या पानावर मात्र वाळल्यावर चुन्याचे पांढरे ठिपके काढतात. लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पान पुसावे, मग साध्या पाण्याने. पान चमकवायची तेले वापरू नयेत. पानाची रंध्रे बुजतात आणि तेल लावलेले पान उन्हात करपते. पाणी नेहमी बुंध्याशी द्यावे. पहिला पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावा, पुढच्या पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवले तर आतल्या झाडांना दिवाळीपर्यंत पुरते.

कोणती झाडे लावावीत? आमचे मत स्पष्ट आहे, सुरुवात आपल्याच झाडांनी करावी. परदेशी नावांच्या मागे धावताना आपण विसरतो, की मोरीच्या पाण्यावर परसात उभी असायची ती काळपट पानांची कर्दळ आणि काळ्या देठाचे वडीचे अळू हीच मुळात ‘डार्क फोलिएज’ची बाग होती. लाल-जांभळ्या पानांच्या कर्दळीइतके कमी मागणारे गडद झाड दुसरे नाही. २-३ डोळे असलेला गड्डा जूनमध्ये ३-४ इंच खोल, दीड फुटाच्या अंतरावर लावावा. कुंडी असेल तर १४ इंचांची. एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो, तो संपला की दांडा जमिनीलगत कापावा, बाजूचे फुटवे जोर धरतात. कापला नाही तर जुनी पाने फाटून बेट भिकार दिसते. पावसाळ्यात पाने गुंडाळणारी अळी येते. गुंडाळी हाताने उलगडून अळी काढणे हाच उपाय, बाहेरून फवारलेले औषध गुंडाळीत पोहोचत नाही. दर दोन वर्षांनी गड्डे उपटून वेगळे करावेत. घरच्या सांडपाण्यावर ती आनंदाने जगते, सांडपाणी गाळणाऱ्या वाफ्यांत तिचा उपयोग करतात तो म्हणूनच.

अळूचे दोन प्रकार घराघरांत माहीत आहेत. हिरव्या देठाचे फदफद्याचे आणि काळपट देठाचे वडीचे. रोपवाटिकेत ‘ब्लॅक मॅजिक’ या नावाने मिळते ते याच जातीचे भावंड, फक्त त्याचे पानही मखमली काळे. नवे पान हिरवट उलगडते आणि मग काळवंडते. कंद अर्धा मातीवर दिसेल असा न लावता २ इंच माती वर यावी. १२ इंची कुंडी, खाली खोलगट ताटली आणि त्यात उन्हाळ्यात कायम बोटभर पाणी. या बाबतीत अळू बाकीच्या सगळ्या झाडांच्या उलट, त्याला पाय ओले आवडतात. ताटलीतले पाणी दर चार दिवसांनी ओतून नवे भरावे, डासांचे लक्षात असू द्या. सततच्या पावसात पानावर गोल तपकिरी, पाण्याने भिजल्यासारखे डाग पडून ते वाढत जातात, तो करपा. डागाळलेले पान देठासकट काढून बागेबाहेर टाकावे, कुंड्या एकमेकींपासून दोन फूट लांब ठेवाव्यात, पानांवर पाणी मारू नये. शोभेच्या काळ्या अळूच्या वड्या करण्याचा मोह टाळावा. सगळ्याच अळूंत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, वडीच्या अळूतली खाज चिंचेने आणि वाफवण्याने मरते, शोभेच्या जातीत किती खाज आहे हे घशालाच कळते. शिवाय रोपवाटिकेत त्यावर कोणते औषध मारले आहे हे आपल्याला माहीत नसते.

काळी तुळस म्हणजे कृष्ण तुळस. तिची सर्वांत मोठी अडचण भक्ती आहे, हे हलकेच पण खरे सांगतो. रोज तांब्याभर पाणी, वर दूध, आणि भर पावसाळ्यातही नेम चुकत नाही. मुळे कुजतात. बोट मातीत पेरभर खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. नेम पाळायचा तर चमचाभर पाण्यानेही पाळता येतो. बी मे-जूनमध्ये वरवर पेरावे, फक्त चिमटीभर बारीक खत भुरभुरावे, खोल गेले तर उगवत नाही. ८-१० दिवसांत कोंब येतात. शेजारी हिरवी राम तुळस असेल तर दोघींचा संकर होतो आणि रोपांत हिरवी, मिश्र, काळी अशी सरमिसळ निघते. चार पानांवर आल्यावर गडद देठाची तेवढी ठेवावीत. हमखास काळीच हवी असेल तर मंजिरी न आलेल्या शेंड्याची ४-५ इंची काडी लावावी. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, बी धरू दिले की पाने बारीक आणि विरळ होतात. पाने वळून पांढुरके ठिपके दिसू लागले तर पानाखाली बारीक जाळीदार पंखांचे ढेकूण सापडतात. पाने खाल्ली जाणार असल्याने रासायनिक औषध नको. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारावा आणि दोन दिवसांनी निंबोळी तेल.

काळ्या हळदीबद्दल जरा रागाने लिहितो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांची) ख्याती जुनी, आणि त्याच भागात ‘काळी हळद तिजोरीत ठेवली की धन येते’ असे सांगून एकेका गड्ड्याला सोन्याचा भाव लावला जातो. धन येते ते विकणाऱ्याकडे. काळी हळद, म्हणजे कर्क्युमा सीझिया, ही आपल्या हळदीच्याच गोत्रातली पण निराळी जात. झाड काळे नसते. पान हिरवे, मधल्या शिरेलगत किरमिजी पट्टा, आणि गड्डा कापला तर आत निळसर-जांभळा. नुसता पट्टा पाहून विकत घेऊ नये, कचोऱ्याच्या पानावरही तसाच पट्टा असतो. गड्डा कापून दाखवायला सांगावे. लावणी मे-जूनमध्ये, एक-दोन डोळ्यांचा तुकडा २ इंच खोल, १२ इंची पसरट कुंडीत दोनच तुकडे, अर्धवट सावलीत. पावसात पाणी साचले तर कंदकुज ठरलेली. लावताना ट्रायकोडर्मा (कंदकुज रोखणारी उपकारक बुरशी) लिटरला ५ ग्रॅम मिसळून माती भिजवावी. जानेवारीत पाने पिवळी पडून लोळतात, ते मरण नव्हे, पाणी बंद करून महिन्याभराने गड्डे काढावेत. एका तुकड्याचे बरेच तुकडे होतात, शेजाऱ्यांना फुकट वाटावेत. सोन्याचा भाव उतरवायचा दुसरा उपाय नाही.

काळा गुलाब हे दुसरे मृगजळ. समाजमाध्यमांवर दिसणारा डांबरासारखा काळा गुलाब रंगवलेला किंवा संगणकावर केलेला असतो. ‘काळ्या गुलाबाचे बी’ घरपोच देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी येत नाही, ती डोळा भरूनच, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर तिचा डोळा बसवून कलम करूनच वाढवतात. प्रत्यक्षात मिळते ती फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने तयार केलेली ब्लॅक बकारा किंवा तिच्यासारखी गडद किरमिजी जात. कळी काळपट असते, फूल उमलले की दाट लाल मखमल. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली तर डिसेंबरच्या थंडीत येणारा बहर सर्वांत गडद. मेचे फूल साधे लाल आणि कडेने भाजलेले, त्या दिवसांत कळ्या खुडून झाडाला विश्रांती द्यावी. वर्षभराने त्याच झाडाला फिक्या गुलाबी फुलांचे झुपके लागले तर चमत्कार नाही. डोळा भरलेल्या जागेखालून, जंगली खुंटातून फुटवा आलेला असतो आणि तो वरच्या कलमाला उपाशी मारतो. असा फुटवा दिसताच माती बाजूला करून मुळाशी ओढून काढावा, वरून कापला तर दुप्पट येतो. सांध्याची गाठ मातीच्या वर दिसेल अशीच लावणी करावी म्हणजे फुटवा कुठून आला ते कळते.

बाकीची धावती ओळख. पर्पल हार्टची वीतभर काडी कुठेही खोचली तरी लागते, जत-आटपाडीच्या उन्हातही कुंपणावर लोंबते. अल्टरनँथेरा अर्ध्या फुटावर लावून तीन-चार आठवड्यांनी कातरावी. काळा रबर जमिनीत मात्र घराजवळ लावू नये, तो वडाच्या गोत्रातला, भिंत आणि गटार दोन्ही फोडतो. उंच होऊन बोडका झाला तर जुलैत गुटी बांधावी: बोटाच्या पेराएवढी साल गोल काढून ओले मॉस, वर प्लॅस्टिक, सहा-आठ आठवड्यांत मुळे. काळे मोंडो गवत देखणे पण कासवाच्या गतीचे, महाबळेश्वर-पाचगणीला सुखात, जतला रुसलेले. इऑनियम हे कॅनरी बेटांचे, काळ्या गुलाबासारखे दिसणारे झाड उन्हाळ्यात झोपते आणि आपल्या पावसात कुजते, जून ते सप्टेंबर छपराखाली ठेवता येत असेल तरच घ्यावे. काळ्या पेट्युनिया-पँझीचे बी सप्टेंबरअखेर पेरावे, त्याआधी घाई नको.

भाजीच्या वाफ्यातही गंमत करता येते. अमेरिकेच्या कृषी खात्याने काढलेली ‘ब्लॅक पर्ल’ मिरची पाने-फळे दोन्ही काळी करते, फळ पिकताना लाल होते आणि जहाल तिखट असते. ऑरेगन स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये आणलेला ‘इंडिगो रोझ’ टोमॅटो उन्हाकडच्या बाजूनेच काळा होतो. तो वरून काळा दिसला की लोक तोडतात आणि आंबट म्हणून नावे ठेवतात. फळ उलटून पाहावे, बुडाचा हिरवा भाग लाल झाला म्हणजे पिकले. जांभळ्या शेंगांचा वाल मांडवावर चढवला तर फुलांसकट शोभा देतो, फक्त शिजवल्यावर शेंगा हिरव्या होतात. रंग रश्श्यात गेला, आणखी काही नाही. आणि परसात सुरणाचा गड्डा विसरून राहिला तर वळवाच्या पावसात जमिनीतून काळसर-किरमिजी भले मोठे फूल वर येते. रंग आणि सडक्या मांसाचा वास, दोन्ही माश्यांना बोलवायला. खिडकीखाली ठेवू नये.

किडींबाबत गडद झाडांचा एक तोटा आहे. पिठ्या ढेकूण काळ्या पानावर लगेच दिसतो, लाल कोळी मात्र दिसतच नाही. मार्च ते मे दर आठवड्याला पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावरचे ठिपके चालू लागले तर तोच. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, आधी त्यात १ मिली पातळ साबण घोटून मग पाणी, फवारणी संध्याकाळीच. तसेच, मावा-पिठ्या ढेकणांच्या चिकट स्रावावर वाढणारी काजळी गडद पानावर नजरेला येत नाही. बोट फिरवून चिकट लागते का ते पाहावे. आणि ज्या झाडाचे पान मुळात हिरवे, ते अचानक जांभळे पडले तर आनंद मानू नये, बहुधा स्फुरद कमी पडले आहे किंवा गारठा बाधला आहे.

घरात लहान मुले, कुत्री-मांजरे असतील तर काळा धोतरा लावूच नये, त्याचे बी-पान-फूल सगळे विषारी. गडद लाल पानांचा युफोर्बिया कोटिनिफोलिया सर्रास विकला जातो. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. झीझी आणि अ‍ॅलोकेशिया (अळूचा शोभेचा भाईबंद) चावून खाल्ले तर तोंड सुजते.

मांडणीचे एवढेच: काळ्या मातीवर, काळ्या फरशीवर, दाट झाडीपुढे काळे झाड हरवते. चुना दिलेल्या भिंतीपुढे, पिवळ्या दुरांट्याच्या किंवा पांढऱ्या सदाफुलीच्या शेजारी ठेवावे. तीन फिक्या कुंड्यांमागे एक गडद बरी दिसते. संध्याकाळी ती सर्वांत आधी अंधारात विरघळतात, त्यामुळे अंगणाच्या टोकाला न ठेवता पायरीजवळ ठेवावीत. ‘दारात काळे कशाला?’ असे विचारणारे वडीलधारे भेटतात. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसणारे, बाळाला काळी तीट लावणारे आणि सावळ्या विठोबाला तुळस वाहणारे आपणच, एवढी त्यांना आठवण करून द्यावी.

शेवटी दोन विनंत्या. हौशी मंडळींनी कास पठारावरून किंवा सह्याद्रीच्या रानातून वेगळ्या रंगाचे कंद उपटून आणू नयेत. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून कासचा समावेश आहे, शिवाय तिथले कंद कुंडीत सहसा तगत नाहीत. आणि रोपवाटिकाचालकांनी प्रत्येक गडद रोपाच्या पिशवीवर तीन गोष्टी मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावावी: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, रोज किती तास ऊन, आणि विषारी आहे की नाही. या जूनच्या विक्रीपासून हे सुरू झाले तर दिवाळीत परत येणाऱ्या निम्म्या कुंड्या वाचतील.

आपले,
परसबाग जोपासणारे काही वाचक,
सांगली